इटलीतल्या गावांच्या नावांचा अर्थ शोधताना या चुका टाळा

दक्षिण इटलीत, नेपल्सच्या ईशान्येला डोंगरांमध्ये बेनेव्हेंतो नावाचं शहर आहे. त्याच्या नावाची हकिकत साधारण अशी सांगतात: मूळ नाव मालेव्हेंतुम, म्हणजे लॅटिनमध्ये 'वाईट घटना'. इ.स.पू. 275 मध्ये रोमनांनी ग्रीसकडच्या एपिरसचा राजा पिरस याला इथे रोखलं आणि विजयाच्या आनंदात गावाचं नाव बदलून बेनेव्हेंतुम, 'चांगली घटना', असं ठेवलं. गोष्ट सुटसुटीत आहे, पटकन लक्षात राहते. प्रवासवर्णनात, क्विझमध्ये, गाइडच्या तोंडी ती हमखास असते.

पण जरा उलटून पाहा. आपल्याच गावाचं नाव 'वाईट घटना' असं कोण ठेवील? शिवाय रोमन येण्याआधी इथे साम्नाइट लोक राहत. त्यांची भाषा ओस्कन. ती लॅटिनची बहीण खरी, पण लॅटिन नव्हे. म्हणजे नाव ठेवलं एका भाषेच्या लोकांनी आणि अर्थ लावला दुसऱ्या भाषेच्या लोकांनी. इटलीतल्या गावांच्या नावांबाबत होणाऱ्या पुष्कळ चुका इथेच जन्माला येतात.

कानाला ओळखीचं वाटलं की तोच अर्थ धरणे

मालेव्हेंतुमचंच पुढे पाहू. फेस्टस या रोमन कोशकाराने नोंदवून ठेवलंय की पूर्वी तिथले ग्रीक लोक या गावाला 'मालोएंतोन' म्हणत आणि रोमनांनी वसाहत केली तेव्हा शुभशकुनासाठी नाव बदललं. आता 'मालोएंतोन' का महत्त्वाचं? ग्रीकच्या डोरिक बोलीत 'मालोन' म्हणजे सफरचंद आणि 'मालोएइस' म्हणजे सफरचंदांनी भरलेलं. या शब्दाची द्वितीया विभक्ती 'मालोएंता'. दक्षिण इटलीतली आणि सिसिलीतली ग्रीक नावं लॅटिनमध्ये शिरली ती बहुधा याच द्वितीयेच्या रूपातून. तारासचं 'तारांता' झालं आणि लॅटिनमध्ये तारेंतुम. आक्रागासचं 'आक्रागांता' आणि लॅटिनमध्ये आग्रिगेंतुम. पिक्सूसचं 'पिक्सूंता' आणि लॅटिनमध्ये बुक्सेंतुम. त्याच चालीवर 'मालोएंता'चं मालेव्हेंतुम. म्हणजे शेवटचं 'एंतुम' हे घटनेचं नाही, ते ग्रीक व्याकरणाचं शेपूट आहे.

हा अर्थ सगळ्यांना मान्य आहे असं मात्र नाही. गाव समुद्रापासून आत, साम्नाइटांच्या मुलखात. तिथे ग्रीक नाव कसं रुजलं, हा प्रश्न रास्त आहे. त्यामुळे काही अभ्यासक 'माल' हा त्याहून जुना, उंचवटा किंवा टेकाड दाखवणारा स्थानिक शब्द मानतात आणि ग्रीकांनी तो आपल्या कानाप्रमाणे वळवून घेतला असं म्हणतात. मला हे दुसरं मत गावाच्या भूगोलाला जास्त धरून वाटतं. पण 'वाईट घटना' दोन्ही मतांत कुठेच बसत नाही.

रोमनांच्या कानाला मात्र ते नाव अशुभ लागत होतं यात शंका नाही. त्यांनी इ.स.पू. 268 मध्ये इथे वसाहत केली आणि नाव बदललं, म्हणजे लढाईनंतर सात वर्षांनी. रोमन लेखक थोरला प्लिनीही हेच सांगतो: शुभ वाटावं म्हणून बदल. पिरसवरच्या विजयाचा थेट धागा मागाहून जोडला गेलाय. रोमन लोकांची ही खोडच होती. सिसिलीतल्या एगेस्ता या गावाचं नाव ऐकून त्यांना 'एगेस्तास', म्हणजे दारिद्र्य, आठवायचं. फेस्टस म्हणतो, म्हणून पुढे एक 'स' चिकटवून त्यांनी सेगेस्ता केलं. एड्रिॲटिकच्या पलीकडे एपिदाम्नुस होतं. त्यात 'दाम्नुम', म्हणजे नुकसान, ऐकू आलं, तेव्हा ते गाव दिर्राखियुम म्हणवू लागलं. नाव बदलण्याचं कारण आणि नावाचा मूळ अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लिहिताना त्या वेगळ्याच लिहायला हव्यात.

गंमत अशी की सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस हाच शब्द आणखी तिसऱ्या तऱ्हेने फोडतो. त्याला त्यात 'व्हेंतुस', म्हणजे वारा, दिसतो. त्यासाठी तो समुद्रापलीकडच्या डाल्मेशियात सुटणाऱ्या भयंकर वाऱ्याचं वर्णनही रंगवून करतो. जुन्या लेखकाने लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार, ही समजूत मोडायला एवढा एक प्रोकोपियस पुरेसा आहे. जुना लेखक गावाच्या नावाचं रूप कसं लिहितो याला साक्ष म्हणून मोठी किंमत आहे. तो अर्थ काय सांगतो याला तेवढी नाही.

पाटीवरचं नाव जुनंच असेल असं गृहीत धरणे

सिसिलीतलं आग्रिजेंतो घ्या. नाव इतकं रोमन दिसतं की ते दोन हजार वर्षं अखंड चालत आलंय असं कुणालाही वाटेल. तसं नाही. गेला (आजचं जेला) शहरातून आलेल्या ग्रीकांनी इ.स.पू. 580 च्या सुमारास वसवलेलं आक्रागास लॅटिनमध्ये आग्रिगेंतुम झालं, अरबांच्या काळात केरकेंत झालं आणि त्यातून गिरजेंती. शेकडो वर्षं लोक त्याला गिरजेंतीच म्हणत होते. नाटककार पिरांदेल्लो 1867 मध्ये जन्मला तो गिरजेंतीजवळ. 1927 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने लॅटिन नाव उकरून काढलं आणि आग्रिजेंतो बनवलं. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशात 'आग्रिजेंतो' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

त्या काळात अशा नावांची लाटच आली होती. तेर्रानोव्हा दी सिचिलियाचं जेला झालं, बोर्गो सान दोन्निनोचं फिदेन्झा, मोंतेलेओने दी कालाब्रियाचं व्हिबो व्हालेंतिया. म्हणून नाव चकचकीत रोमन दिसलं की आधी एकच गोष्ट तपासावी: 1861 च्या एकीकरणानंतर ते बदललं होतं का?

पण ही शंकाही आंधळेपणाने वापरली तर उलट दिशेने पाय घसरतो. लिगुरियाच्या किनाऱ्यावर इंपेरिया नावाचं शहर आहे. नाव 'साम्राज्य', जन्म 1923, सत्तेवर मुसोलिनी. एवढं कळल्यावर निष्कर्ष काढायला कुणी थांबत नाही. प्रत्यक्षात पोर्तो माउरित्सियो आणि ओनेल्या ही दोन गावं जोडून हे शहर केलं. दोघांच्या मधून इंपेरो नावाचा ओढा वाहतो, त्याच्यावरून हे नाव. मुसोलिनीने साम्राज्याची घोषणा केली ती थेट 1936 मध्ये. नावातला तोरा तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना आवडला असेल, पण नाव ओढ्याचंच.

जॉन कुठून आला?

मधल्या काळातली भाषा विसरणे ही चूक सिसिलीत फार महागात पडते. एन्ना हे बेटाच्या मध्यावरचं, उंच कड्यावर वसलेलं शहर. 1927 पर्यंत त्याचं नाव होतं कास्त्रोजोव्हान्नी. सरळ इटालियन वाचलं तर 'जोव्हान्नीचा कोट', म्हणजे इंग्रजीतल्या जॉनचा, आपल्या भाषेत योहानाचा. मग शोध सुरू होतो: हा जोव्हान्नी कोण? संत, सरदार की बिशप?

कुणीच नाही. जुनं नाव हेन्ना. लॅटिनमध्ये तिथल्या गडाला 'कास्त्रुम हेन्ने' म्हणत. 859 मध्ये अरबांनी तो गड घेतला. 'कास्त्रुम'च्या जागी त्यांच्या तोंडी त्याच मुळाचा 'कस्र' आला, हेन्नाचं 'यान्ना' झालं आणि नाव पडलं कस्र यान्ना. 1087 मध्ये मूळचे उत्तर फ्रान्सचे नॉर्मन आले. त्यांच्या माणसांना 'यान्ना' हे जोव्हान्नीसारखं ऐकू आलं आणि त्यांनी ते नीट 'दुरुस्त' करून कास्त्रोजोव्हान्नी लिहिलं. असा एक नसलेला माणूस आठशेहून जास्त वर्षं शहराच्या नावात राहिला.

इथे सावध राहण्याची खूण सोपी आहे: दोन तुकड्यांच्या नावात एक तुकडा इमारतीचा किंवा डोंगराचा आणि दुसरा फारच ओळखीचा असेल तर त्या ओळखीच्या तुकड्यावर विश्वास ठेवू नका. काल्तानिसेत्ता पाहा. पहिला भाग अरबी 'कलआत', आपला 'किल्ला' याच अरबी कुळातला, फारसीच्या वाटेने आलेला. दुसरा भाग 'निसा', अरबीत बायका. त्यावरून 'बायकांचा किल्ला' हा अर्थ सर्रास दिला जातो. तो अरबी बोलणाऱ्यांच्या कानाचा अर्थ म्हणून ठीक आहे, पण तिथे आधीपासून नीसा नावाची वस्ती असावी आणि अरबांनी तिला फक्त किल्ला जोडला असावा, हे स्पष्टीकरणही तितकंच गंभीरपणे मांडलं जातं. एन्नाचा अनुभव पाहता मला तरी बायकांच्या किल्ल्याबद्दल शंका आहे. काल्ताबेल्लोत्ताचा 'ओकवृक्षांचा किल्ला' मात्र पक्का मानला जातो.

सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिची चूक याच जातीची, फक्त पायरी वेगळी. ग्रीक 'पानोर्मोस' म्हणजे सगळंच बंदर असलेलं. अर्थ बरोबर आहे, पण तो 'शहर वसवणाऱ्यांनी ठेवलेलं नाव' म्हणून देऊ नये. शहर पूर्व भूमध्य किनाऱ्यावरून आलेल्या फिनिशियनांनी वसवलं, आणि त्यांच्या नाण्यांवर वेगळंच नाव आहे, ते 'झीझ' असं वाचतात.

शहराच्या चिन्हाला पुरावा समजणे

तोरिनोच्या, म्हणजे ट्युरिनच्या, चिन्हावर मागच्या पायांवर उभा बैल आहे, आणि इटालियनमध्ये 'तोरो' म्हणजे बैल. झालं. पण रोमन काळातलं नाव आउगुस्ता ताउरिनोरुम, म्हणजे ताउरिनी नावाच्या जमातीचं शहर. जमातीच्या नावाचा संबंध डोंगर दाखवणाऱ्या जुन्या मुळाशी असावा असं पुष्कळांचं मत आहे. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ते शोभतंही. बैल मागाहून आला, नावावरून सुचला म्हणून.

मिलानोची रानडुकरीण तर आणखी बेरकी. लॅटिन नाव मेदिओलानुम. 'लाना' म्हणजे लोकर. त्यावरून अर्ध्या अंगावर लोकर असलेल्या डुकरिणीची आख्यायिका निघाली, आणि मिलानोतल्या पलाझ्झो देल्ला राजोनेच्या भिंतीवर ती कोरलेलीही दिसते. खरं तर नाव केल्टिक आहे. 'मेदिओ' म्हणजे मधलं आणि 'लानो' म्हणजे मैदान, असा सर्वसाधारण स्वीकारलेला अर्थ. आजच्या फ्रान्समध्ये, सेंत आणि एव्हरो इथे, याच नावाची गावं होती. डुकरिणीवर विश्वास ठेवायचा तर प्रत्येक गावात एकेक लोकरी डुकरीण फिरवावी लागेल.

जलरंगात काम करणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांना फाब्रियानो हे नाव कागदामुळे माहीत असतं. तेराव्या शतकापासून तिथे कागद बनतो. गावाच्या चिन्हात पुलावर ऐरणीशी घाव घालणारा लोहार आहे. लॅटिनमध्ये 'फाबेर' म्हणजे लोहार आणि गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव जानो. फाबेर अधिक जानो, फाब्रियानो! इतकी चोख बेरीज दिसली की थबकावं. इटलीत '-आनो'ने संपणारी शेकडो गावं आहेत आणि त्यातली फार मोठी संख्या रोमन जमीनदारांच्या नावांवरून आलेली आहे. फाबेरियुस नावाच्या माणसाची जमीन, ती 'फाबेरियानुम'. साविन्यानोसारख्या नावांतही हाच साचा शोधतात. फक्त हा साचा हाती आला म्हणून मिलानोलाही लावू नका. तिथलं 'आनो' वर सांगितलेल्या मैदानातलं आहे.

या सगळ्यात ब्रिंदिसी अपवाद. त्याच्या चिन्हातलं हरणाचं डोकं मात्र खरंच बोलतं. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की तिथल्या मेसापी भाषेत हरणाच्या डोक्याला 'ब्रेंतेसिओन'च्या जवळचा शब्द होता, आणि नकाशा पाहिला तर कारण दिसतं: बंदराचे दोन फाटे जुन्या शहराला शिंगांसारखे दोन्ही बाजूंनी वेढतात. चिन्ह इथे पुराव्याच्या मागून चालतं, पुढून नाही, म्हणून ते चालतं.

ब्रिंदिसीबद्दल दुसरीच एक चूक होते. इटालियनमध्ये 'ब्रिंदिसी' म्हणजे पेला उंचावून शुभेच्छा देणं. मग पूर्वेकडे निघालेले रोमन प्रवासी इथे शेवटचा पेला घेत, म्हणून शहरावरून शब्द पडला, किंवा शब्दावरून शहर, अशी गोष्ट जुळवतात. पेल्याचा शब्द जर्मन सैनिकांच्या 'ब्रिंग दिर्स', म्हणजे 'हे तुला', या बोलण्यातून आला. शहराचं नाव त्याच्या कित्येक शतकं आधीचं. दोन शब्द एकसारखे दिसतात, नातं काही नाही. मुंबईशी ब्रिंदिसीचं नातं मात्र खरं: 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेची डाक रेल्वेने ब्रिंदिसीला यायची आणि तिथून पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीने सुएझमार्गे मुंबईला. गोलमेज परिषदेनंतर डिसेंबर 1931 मध्ये गांधीजीही इथूनच 'पिल्स्ना' बोटीने मुंबईकडे निघाले. त्या काळातल्या कागदपत्रांत हे नाव भेटलं तर दचकू नका.

छोट्या पण रोज होणाऱ्या चुका

इंग्रजी रूपावरून अर्थ काढणे. कुक्कुटपालन करणाऱ्यांना व्हाइट लेगहॉर्न कोंबडी ठाऊक असते. त्या 'लेगहॉर्न'मध्ये ना पाय आहे ना शिंग. ते लिव्होर्नो बंदराचं इंग्रजी नाव, लिगोर्ना, लेगोर्न अशा जुन्या रूपांवरून इंग्रजांनी घडवलेलं.

दोन सारखी नावं एकाच उगमाची मानणे. रेज्जो दोन आहेत. कालाब्रियातलं ग्रीक रेगिओन. जुने ग्रीक ते 'तुटणे' या क्रियापदाशी जोडत, सिसिली इथून तुटून वेगळी झाली म्हणून. एमिलियातलं रेजियुम लेपिदी. त्यातलं लेपिदी हे मार्कुस एमिलियुस लेपिदुसचं. इ.स.पू. 187 मध्ये त्याने बांधलेल्या एमिलिया रस्त्यावर ते वसलेलं. एकाचा अर्थ दुसऱ्याला लावणारे लेख सर्रास दिसतात.

नाव कुठल्या जागेचं, हे न पाहणे. बंडखोर ग्लॅडिएटर स्पार्टाकसचं कापुआ पाहायला आजच्या कापुआला गेलात तर चुकीच्या गावात उतराल. 841 मध्ये जुनं कापुआ जळालं, लोकांनी 856 मध्ये काही किलोमीटरवर, जुन्या कासिलिनुमच्या जागी, नवं वसवलं आणि नाव सोबत नेलं. जुन्या शहराचं अँफिथिएटर मात्र राहिलं सांता मारिया कापुआ व्हेतेरेमध्ये.

आणि आघात. आपण 'तारान्तो' म्हणतो, मधल्या अक्षरावर जोर देऊन. तिथले लोक जोर पहिल्या 'ता'वर देतात. लॅटिन तारेंतुममधून नाव सरळ उतरलं असतं तर जोर दुसऱ्या अक्षरावर आला असता. तो पहिल्यावर आहे कारण ग्रीक 'तारांता'त तो तिथेच होता, म्हणजे स्थानिक तोंडात ग्रीक उच्चार टिकून राहिला. ओत्रांतोतही जोर पहिल्याच अक्षरावर असतो. म्हणून नाव नुसतं वाचू नका, गावकऱ्याच्या तोंडून ऐका.

अडकलात तर

सर्वात जुनं लिखित रूप मिळेना, तेव्हा तिथल्या रहिवाशांना काय म्हणतात ते विचारा. गावाचं नाव झिजतं, पण गावकऱ्यांचं नाव बिशपच्या, नगरपालिकेच्या लेखी भाषेत जुनंच राहतं. गुब्बियोचे लोक एउगुबीनी, त्यात मध्ययुगीन एउगुबियुम आणि त्यामागचं इगुवियुम दिसतं. किएतीचे तेआतीनी, कारण जुनं नाव तेआते. चित्ता दी कास्तेल्लोचे तर तिफेर्नाती, ज्यात आजच्या नावाचं एक अक्षरही नाही, जुनं तिफेर्नुम आहे. आणि तोरिनोजवळच्या इव्रेयाचे लोक एपोरेदिएसी. त्यावरून एपोरेदिया हे नाव हाती येतं, आणि प्लिनी सांगतो की केल्टिक भाषा बोलणारे गॉल लोक घोड्यांना चांगलं वळण लावणाऱ्यांना 'एपोरेदी'सारख्या शब्दाने ओळखत. 'एपो' म्हणजे केल्टिकमध्ये घोडा. 'इव्रेया' या तीन अक्षरांच्या आकारातून एवढं कधीच उलगडलं नसतं.